दारू भेसळीची नव्हती : जालन्याच्या एका बियाणं युनिटचं प्रकरण

मार्च संपत आला होता, ऊन चाळीसच्या वर गेलेलं, अन् जालन्याच्या एका बियाणं युनिटच्या मालकाचा फोन आला. म्हणाले, मॅडम, आमच्या ट्रीटिंगची, म्हणजे बियाण्याला औषध लावणारी, चार पोरं संध्याकाळी थोडी घेतली की लालबुंद होतात, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, एकाला तर परवा रात्री सलाईन लावावं लागलं, बहुतेक भेसळीची दारू आलीय, पण मुकादम म्हणतो हे पावडरीनं होतंय अन् आता पोरं कामावर यायला टाळायलीत, तुम्ही एकदा येऊन हवा तपासून कागद द्या म्हणजे त्यांची समजूत काढता येईल.

हवा तपासून कागद द्या. कारखान्यात कामगाराच्या अंगात काय, किती अन् कोणत्या वाटेनं जातं ते मोजायचं माझं काम आहे, बारा वर्षं झाली, अन् हे वाक्य मी खूपदा ऐकलंय. कागदात काय लिहायचं ते आधीच ठरलेलं असतं आणि मोजणं मागून येतं. पण या फोनमध्ये एक गोष्ट अशी होती की माझं लक्ष तिथंच अडकलं. मी विचारलं, गोडाऊनचे हमाल कुठं घेतात? म्हणाले, त्याच दुकानात, सगळे सोबतच बसतात की. मग हमालांना काही होतं का? नाही. म्हणजे बाटली तीच, बसणारे तेच, अन् त्रास फक्त ट्रीटरवर काम करणाऱ्यांना. भेसळ अशी माणसं निवडून लागत नाही.

आधी थोडं कामाबद्दल सांगते, कारण बाहेरच्यांना बियाणं म्हणलं की शेतच दिसतं. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी बियाण्यांची कंपनी सुरू केली, पुढं १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, आणि त्या धंद्याभोवती इथं लहानमोठी खूप युनिटं उभी राहिली. जालना सोने का पालना म्हणतात त्यात आता बियाण्याचाही वाटा आहे. मी सांगतेय ते युनिट कुठल्या मोठ्या कंपनीचं नाही, जॉबवर्क करणारं पत्र्याचं शेड आहे. सरकी बाहेरून येते, औषध अन् कलर देणारी पार्टीच पाठवते, इथं ग्रेडिंग करायचं, ग्रॅव्हिटीवर हलकं बी काढायचं, ट्रीटरच्या ड्रममध्ये औषधाचा घोळ लावायचा, वाळवायचं अन् पाकिटं भरायची. खरिपाचा माल मेच्या मध्याला दुकानात लागला पाहिजे म्हणून फेब्रुवारीपासून नुसती धावपळ. कागदावर आठ तास, मोसमात ट्रीटरवर बारा तास, पॅकिंगच्या बायकांना दहा.

घोळात तीन गोष्टी. थायरमची ७५ टक्क्यांची पावडर, ती बुरशीसाठी. इमिडाक्लोप्रिड, ते रसशोषक किडीसाठी. आणि गुलाबी कलर, औषध लावलेलं बी कुणी चुकून खाण्यात वापरू नये म्हणून. हा कलर पुढं माझ्या फार कामाला आला.

पावडरीच्या पोत्यावर थायरम हे नाव फोटोत वाचलं तेव्हाच अर्धं कोडं सुटलं होतं. दारू सोडवायला डॉक्टर डायसल्फिरामची गोळी देतात, ती घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की दहा-पंधरा मिनिटांत चेहरा लाल, डोकं ठणकतं, छाती धडधडते, ओकारी येते, जास्त झालं तर बीपी खाली जाऊन जिवावर बेततं. थायरम हा त्या डायसल्फिरामचा सख्खा भाऊ, दोन्हींच्या रचनेत फरक इतकाच की तिथं इथाईल आहे अन् इथं मिथाईल. शरीरात दारूचं आधी ॲसिटाल्डिहाईड होतं, मग एक एन्झाईम त्याचा निकाल लावतं, ही रसायनं त्या एन्झाईमलाच बसवून टाकतात आणि ॲसिटाल्डिहाईड रक्तात साठत जातं. आणि ही गोष्ट आपल्याला कळली ती कामगारांमुळेच. अमेरिकेत रबराच्या कारखान्यात हीच थायुरम, म्हणजे थायरमच्या कुळातली, रसायनं रबर पक्कं करायला वापरतात, तिथल्या विल्यम्स नावाच्या डॉक्टरनं १९३७ मध्ये लिहून ठेवलं की या खात्यातल्या लोकांना दारू सोसेनाशी झालीय. डायसल्फिराम औषध म्हणून पुढं आलं ते त्यानंतर दहाएक वर्षांनी, डेन्मार्कमधून. म्हणजे जालन्याच्या पोरांना जे होत होतं ते नव्वद वर्षांपूर्वीच कुणीतरी नोंदवलेलं होतं, अन् इथं दवाखान्यात त्यांना ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं होतं, काम काय करता हे कुणी विचारलंच नाही.

पण अंदाज म्हणजे असेसमेंट नाही. कुणाला, कोणत्या कामात, किती अन् कशातून, हे कळल्याशिवाय उपाय सांगताच येत नाही.

पहिल्या दिवशी मी हवेचा नमुना घ्यायचा पंप न लावता नुसती फिरले. सकाळी शिफ्ट लागल्यापासून संध्याकाळपर्यंत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, कोण कुठं उभं राहतं, हात कुठं जातात, पाणी कुठं पितात, डबा कुठं खातात. एकसारखं काम करणाऱ्यांचे गट पाडले. ट्रीटरवर ऑपरेटर अन् हेल्पर, दोन पाळ्या म्हणून चार जण. पॅकिंगला चौदा बाया. हमाल अन् पोती शिवणारे सहा. असे तीन गट मी डायरीत लिहिले अन् तिथं माझी एक मोठी चूक झाली, ती पुढं सांगते.

जेवणाच्या सुट्टीत बायकांजवळ जाऊन बसले. त्या बदनापूर-अंबडकडच्या, टमटमनं येणाऱ्या. हाताला खाज, डोळ्यातून पाणी, घसा धरणं हे सगळ्याच सांगत होत्या, एकजण म्हणाली मोसम संपला की आपोआप जातं बघा. मग मी दारूचा विषय काढला नाही, नुसतं विचारलं की त्या पोरांसारखं अंग लाल होणं, धडधडणं असं तुमच्यापैकी कुणाला झालं का. सगळ्या हसल्या, आम्ही काय पितो व्हय. पण हॉपरजवळ, म्हणजे बी खाली सोडणाऱ्या नरसाळ्याजवळ, बसणाऱ्या एक मावशी गप्प होत्या. नंतर हात धुवायला उठले तेव्हा मागं आल्या अन् हळूच म्हणाल्या, मला झालंय दोनदा मॅडम, पण मी सांगितलं तर लोकं काय म्हणतील, मी तर माळकरी आहे. विचारत विचारत गेले तेव्हा कळलं की पाळीच्या त्रासासाठी त्या रोज रात्री अशोकारिष्ट घेत होत्या. आसव-अरिष्टांमध्ये आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर छापलेलं असतं, पाच ते दहा टक्के. चार चमचे पोटात गेले की चेहरा तापायचा, कानशिलं उडायची. त्यांना वाटलं वय झालं, तसंच होत असेल. मी त्यांना सांगितलं की मावशी यात तुमचा काडीचा दोष नाही, आणि मोसम संपेपर्यंत ती बाटली बंद ठेवा, वैद्यांना विचारून दुसरं काहीतरी घ्या. मावशींमुळं दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, दारूच्या दुकानाचा संबंध नाही. दोन, थायरम फक्त ट्रीटरवरच्या चौघांच्या नाही, पॅकिंगच्या बायकांच्याही अंगात जात होतं, पण त्या दारू पीत नाहीत म्हणून कुणाला दिसत नव्हतं.

आता मोजण्याबद्दल. मालकांकडं आधीच्या वर्षीचा एक रिपोर्ट होता, कुणा एजन्सीनं केलेला. शेडच्या मधोमध स्टँडवर पंप ठेवून तासभर हवा घेतलेली, थायरमचं रीडिंग पाच मिलिग्रॅमच्या कितीतरी खाली, म्हणून शेरा : समाधानकारक. मला याचा खरंच राग आला, कारण आकडा कदाचित बरोबरही असेल, पण त्या स्टँडच्या जागी कुणीच माणूस उभा राहत नाही. श्वास ज्याचा, पंप त्याच्या कॉलरला पाहिजे, नाकापासून वीतभर अंतरात. आणि ती पाचची मर्यादा. घनमीटरला पाच मिलिग्रॅम ही अमेरिकेच्या ओशाची, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेची, कायदेशीर मर्यादा, खूप जुनी. एसीजीआयएच ही तिथलीच तज्ज्ञांची संस्था थायरमला ०.०५ धरते, म्हणजे शंभरपट कमी, आणि सोबत लिहिते की कातडीला ॲलर्जी आणणारं आहे. एकाच पदार्थाला दोन मर्यादा, मध्ये शंभरपट फरक, अन् कोणती धरायची हे रिपोर्ट लिहिणारा ठरवतो, तर कामगाराला ते कधी कळतही नाही. मी ०.०५ धरली आणि का धरली तेही रिपोर्टात लिहिलं.

पंप मिनिटाला दोन लिटरवर लावला, पुढं पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) फिल्टर, उघड्या तोंडाचा सँपलर, कारण ०.०५ ही मर्यादा नाका-तोंडातून आत जाणाऱ्या जाड कणांसकट आहे अन् बंद कॅसेटमध्ये जाड कण कमी येतात. तीन तासाला फिल्टर बदलायचा, पुण्याच्या लॅबला एचपीएलसीसाठी, म्हणजे रसायन वेगळं करून मोजायच्या तपासणीसाठी, पाठवायचं. पहिल्या फेरीत पॅकिंगच्या तिघींचे आकडे आले ०.०२, ०.०३, ०.०२. मालक खूश, म्हणाले, बघा, खालीच आहे.

इथंच बऱ्याच वेळा फाईल बंद होते. पण माणसाच्या श्वासातली हवा रोज सारखी नसते, आज ०.०२ आलं म्हणजे उद्या ०.०८ येणार नाही असं काही नाही. युरोपात ईएन ६८९ नावाची पद्धत आहे, २०१८ ची, ती सांगते की तीनच नमुने घेतले असतील तर तिन्ही मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याखाली पाहिजेत, तरच ठीक म्हणा, नाहीतर आणखी मोजा. दहावा हिस्सा म्हणजे ०.००५. आपले आकडे त्याच्या चार-सहापट. दुसरं म्हणजे त्या दिवशी शेड सकाळीच झाडून पुसून ठेवलं होतं अन् ट्रीटर रोजच्या निम्म्या वेगानं चालू होता, मी येणार हे माहीत होतं ना. मालकांना मी सरळ सांगितलं, मी परत येणार, तारीख सांगणार नाही, अन् माल नेहमीसारखा चालू पाहिजे. थोडे नाराज झाले, पण नाही म्हणाले नाहीत, हे त्यांच्याबाजूनं नोंदवलंच पाहिजे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेले तर चित्रच वेगळं. ट्रीटर पूर्ण वेगात, शेडमध्ये श्वास घेतला की घशाला कडवट लागायचं. हेल्पर पावडरीचं पोतं ब्लेडनं फाडायचा, घोळ कालवायच्या टाकीच्या तोंडावर उलटं धरायचा, झटकायचा, अन् मग रिकामं पोतं छातीशी धरून हवा काढत घडी करायचा. ती घडी करताना जो पांढरा ढग उठतो तो थेट तोंडावर. पोतं ओतण्यापेक्षा जास्त धूळ त्या घडीतून उडत होती, हे मी जवळ उभी राहिले नसते तर कळलंच नसतं. नाकाला काय, तर गळ्यातला रुमाल.

म्हणून या वेळी हेल्परला पूर्ण शिफ्टचा वेगळा पंप अन् फक्त पोतं ओतण्यापुरता वेगळा पंप लावला. एका पोत्याला साधारण दहा मिनिटं, बारा तासात बारा पोती. ओततानाचा आकडा आला १.४. बाकीच्या वेळेचा ०.०६. हिशेब करा : १२० मिनिटं गुणिले १.४ म्हणजे १६८, उरलेली ६०० मिनिटं गुणिले ०.०६ म्हणजे ३६, बेरीज २०४, भागिले ७२० मिनिटं, म्हणजे ०.२८. पूर्ण शिफ्टच्या पंपावर पण जवळपास तेवढंच आलं. मर्यादेच्या साडेपाचपट, पण थांबा, ती मर्यादा आठ तासांच्या दिवसासाठी आहे. बारा तास काम केलं की शरीराला जास्त वेळ मिळतं अन् बाहेर टाकायला कमी वेळ मिळतो, म्हणून ब्रीफ-स्काला नावाच्या साध्या सूत्रानं मर्यादा खाली आणतात. आठ भागिले बारा, गुणिले विश्रांतीचे बारा तास भागिले सोळा, उत्तर ०.५. म्हणजे त्या पोरासाठी मर्यादा ०.०२५, अन् तो अकरापट घेत होता. आणि त्या सहाव्या हिश्श्याएवढ्या वेळात दिवसभराच्या डोसचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग जात होता. उपाय कुठून सुरू करायचा ते या एका हिशेबानं ठरवून टाकलं. जुन्या रिपोर्टातल्या पाचच्या मर्यादेला लावलं तर मात्र हाच पोरगा बिनधोक ठरतो, तिकडं त्याला सलाईन लागलेलं असलं तरी.

पॅकिंगच्या सहा बायकांचे आकडे या वेळी ०.०३ ते ०.११. दहा तासांसाठी मर्यादा ०.०३५ येते, चौघी वर होत्या. सगळ्यात जास्त होत्या त्या हॉपरजवळच्या दोघी, ते समजण्यासारखं. पण तिसरा मोठा आकडा हॉपरपासून लांब, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या मुलीचा, ते कळेना. मग मी उदबत्ती पेटवली. स्मोक ट्यूब नसली तर उदबत्तीसारखं दुसरं काही नाही, धूर कुठं जातो ते डोळ्यांनी दिसतं. टाकीजवळ धरली तर धूर वर न जाता आडवा धावत सुटला, थेट त्या मुलीकडं. कारण टाकीच्या मागं लावलेला मोठा कूलर. बायकांना गार वाटावं म्हणून मालकांनीच चांगल्या मनानं लावलेला, अन् तो पावडरीचा ढग उचलून अख्ख्या टेबलावर वाटत होता. भिंतीतला एक्झॉस्ट फॅन हेल्परच्या समोर, टाकीच्या पलीकडं असता तर बरं झालं असतं, पण तो होता हेल्परच्या पाठीमागं, त्यामुळं धूळ आधी हेल्परच्या तोंडावरून मगच फॅनकडं जायची.

आता ती गोष्ट जी पंपाला दिसतच नाही. दुपारच्या चहाला ऑपरेटरनं खिशातून चुन्याची डबी काढली, तंबाखू मळायला. जुनी पत्र्याची डबी, घासून घासून कडा चमकणाऱ्या, अन् झाकणावर अंगठ्याचा गुलाबी ठसा, एवढा स्वच्छ की रेषा मोजता आल्या असत्या. उघडली तर आतल्या पांढऱ्या चुन्यावरही बोटानं उकरल्याची गुलाबी रेघ. तोच अंगठा तळहातावर तंबाखू मळणार, अन् ती चिमूट ओठाखाली तासभर राहणार. मी त्यांना म्हणलं दादा, डबी जरा इथं ठेवता का, फोटो घेते. मग त्या नजरेनं शेडभर फिरले. ओलं पांढरं सुती कापड घेऊन एकेक जागा पुसत गेले. माठावरचा ग्लास, आतून गुलाबी. संडासाची कडी, गुलाबी. मोबाईल. डब्याचं झाकण. बायकांच्या मिश्रीची पुडी, अन् मिश्री तर बोटानंच दातावर फिरवायची. ओढणीची दोन टोकं, जी घाम पुसायला सारखी तोंडाकडं जातात. टमटमच्या सीटची कड सुद्धा.

कलर म्हणजे थायरम नाही, हे मी स्वतःला सारखं बजावत होते. कलर फक्त दाखवतो की घोळ कुठवर पोचला. उलट भीती दुसरी होती. कलर पाण्यानं लवकर निघतो, थायरम पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून नुसत्या पाण्यानं खळखळून धुतलेले, दिसायला अगदी स्वच्छ असे चार जणांचे हात पुसून ती कापडं लॅबला पाठवली. चारही कापडांवर थायरम निघालं. बाया जेवायच्या आधी नळाखाली हात धरायच्या, गुलाबी गेलं की धुतलं समजायच्या, अन् त्या हातानं भाकरी मोडून ठेचा लावून खायच्या. हातावरच्या थायरमला हवेसारखी ठरलेली मर्यादा नसते, त्यामुळं इतकं चालेल अन् तितकं नाही असा आकडा मी देऊ शकत नव्हते. पण जेवणाच्या हातावर ते नकोच, याला आकडा कशाला पाहिजे.

हातमोज्यांचं सांगायलाच पाहिजे, कारण तिथं उपाय करता करता नुकसान झालं. आधी बायकांना होजिअरीचे कापडी मोजे होते, तासाभरात ओले गुलाबी व्हायचे, म्हणजे औषधाची पट्टी दिवसभर हाताला बांधून ठेवल्यासारखं. माझ्या सांगण्यावरून मालकांनी दुसऱ्याच दिवशी रबरी मोजे आणले, अन् आठ दिवसांत एका मुलीचे हात मनगटापर्यंत फुटले, पाणी सुटलं. थायुरम रसायनं रबर पक्कं करायला वापरतात हे मी वर लिहिलं, तीच बऱ्याच रबरी मोज्यांत उरलेली असतात, कधी नायट्राईलमध्येही. थायरमची ॲलर्जी एकदा बसलेल्या हाताला तो मोजा म्हणजे तेच औषध परत. मला हे माहीत होतं अन् मोजे सुचवताना सांगायचं राहिलं. तिला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं, डॉक्टरांना थायरमचा कागद दिला, अन् ॲक्सिलरेटर, म्हणजे रबर पक्कं करणारी ही रसायनं, नसलेले नायट्राईल मोजे शोधून मागवले, ते महाग पडतात अन् जालन्यात मिळत नाहीत. त्या मुलीला पॅकिंगवरून काढून लेबलच्या कामाला बसवायला लावलं, रोज तोच ठेवून. रोज कमी केला असता तर पुढच्या वेळी कुणीच हात दाखवला नसता.

रिपोर्ट घेऊन बसलो तेव्हा मालकांचं पहिलं वाक्य होतं, मग पोरांना दारू सोडायला सांगू, प्रश्नच मिटला. ते वाईट माणूस नाहीत, पण या वाक्याला मी तिथंच अडवलं. दारू सोडली तर पोरं लाल होणार नाहीत, एवढंच. थायरम तेवढंच अंगात जात राहील, अन् आता आपल्याला जे दिसतंय तेही दिसायचं बंद होईल. मावशींनी अशोकारिष्ट घेतलं नसतं तर पॅकिंगकडं आपण बघितलंही नसतं. पोरांना मात्र स्पष्ट सांगायचंच होतं, उपदेश म्हणून नाही, जिवाचा धोका म्हणून, की या मोसमात अन् काम सुटल्यावरही पुढचे दोन आठवडे दारूला हात लावू नका, कारण असर लगेच उतरत नाही. ते मी मुकादमाला सोबत घेऊन, कुणाच्या घरचं नाव न काढता, सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. ऑपरेटरनं विचारलं, म्हणजे आमची चूक नव्हती ना मॅडम? नव्हती. घरी तेवढं सांगता येईल म्हणाला.

उपायांमध्ये सगळ्यात आधी पोतं. एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून टाकीच्या तोंडाला मागच्या बाजूनं पत्र्याचं हूड करून घेतलं, खाच ठेवून, डक्टनं बाहेर, बॅग फिल्टर लावून. आधी टाकीच्या तोंडाशी हवेचा वेग मोजणारा ॲनिमोमीटर ०.१ मीटर प्रति सेकंद दाखवत होता, आता ०.८. रिकामं पोतं छातीशी घडी करायचं बंद, हूडच्या आतच गुंडाळून बाजूच्या पिशवीत टाकायचं. कूलर काढायचा विषय नव्हता, त्रेचाळीस डिग्रीत कोण बसेल, तो फक्त समोरच्या भिंतीला नेला म्हणजे स्वच्छ हवा आधी बायकांवरून जाईल अन् मग टाकीकडं. याला खर्च आला वायरचा. शेडबाहेर पत्र्याखाली नळ, साबण, चहाची जागा, माठ तिकडं. डबे, तंबाखू, मिश्री शेडच्या आत नाही, पण सुट्टी पाच मिनिटं वाढवली, कारण साबणानं हात धुवायला वेळच दिला नाही तर नियम भिंतीवरच राहतो. कामाचे कपडे युनिटवरच धुवायचे, कारण बाया घरी तेच कपडे लेकरांच्या कपड्यांसोबत भिजवत होत्या. पोतं ओतताना हेल्परला हाफ मास्क, फिल्टरवाला, रुमाल नाही. आणि औषध पाठवणाऱ्या पार्टीला पत्र, की पावडरीऐवजी बाटलीतून ओतायचं पातळ औषध देता येईल का. ते झालं तर ढगच उठणार नाही, माझ्या मते खरा उपाय तोच.

मेच्या सुरुवातीला मुकादमाशी बोलताना तो सहज बोलून गेला की रात्रीच्या पोरांनी पण साबण मागितलाय. कोणती रात्रीची पोरं? तर लॉट बदलताना ड्रम खरवडायला अन् धुळीच्या पिशव्या झटकायला रात्री अकराला दोन जण येतात, वेगळ्या ठेकेदाराची, हजेरी वेगळ्या वहीत. मी दिवसा आले, दिवसाची हजेरी बघून गट पाडले, अन् शेडमधलं सगळ्यात धुळीचं काम माझ्या डायरीतच नव्हतं. त्या रात्री पंप घेऊन गेले. एकजण ड्रममध्ये कमरेपर्यंत आत वाकून पत्र्याच्या तुकड्यानं वाळलेला थर खरवडत होता, बल्ब लटकवलेला, तोंडाला शर्टाची बाही. दोन तासांच्या कामाचा आकडा २.१ आला. दारू पितोस का म्हणून विचारलं तर म्हणाला, कवाच सोडली, सोसतच नाही. किती वर्षं झाली या कामाला? चार मोसम.

कोरडं खरवडणं त्याच आठवड्यात बंद करायला लावलं. आता आधी पाण्याचा फवारा मारून थर ओला करायचा, ओलाच काढायचा, पिशव्या झटकायच्या नाहीत, बंद पोत्यात उतरवायच्या. दोघांची नावं मुख्य हजेरीत घेतली, तपासणीला डॉक्टरांकडं नेलं तेव्हा त्यांच्या कागदावर पहिल्यांदा व्यवसाय या रकान्यात बियाणं प्रक्रिया असं लिहिलं गेलं.

फेब्रुवारीत नवा मोसम लागल्यावर परत मोजलं, न सांगता. पॅकिंगच्या सहा जणी ०.०१ ते ०.०२. ड्रम ओला खरवडताना ०.२. हेल्पर पूर्ण शिफ्टला ०.०६, म्हणजे पाचव्या हिश्श्याच्या आसपास आला, पण बारा तासांच्या ०.०२५ च्या अजून वरच, म्हणून मास्क चालूच आहे अन् रिपोर्टात मी समाधानकारक हा शब्द वापरलेला नाही. बारा तासाची पाळी आठवर आणा असंही लिहून दिलंय. इमिडाक्लोप्रिडचं मोजणं या वर्षीच्या यादीत घेतलंय. पातळ औषधाच्या पत्राला उत्तर आलं, एका वाणासाठी चाचणी घेऊ म्हणालेत, उगवणशक्तीवर परिणाम होत नाही हे बघून पुढचं ठरेल. चाचणीचा लॉट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लागणार आहे, पंप चार्जिंगला लावून ठेवलेत.